गो. मा. ऐवजी ग. मा. फवारल्याबाबत

स्थळ : उम्म अल कुवैन
दिनांक : २४ नोव्हेंबर २०२५

प्रति,
मा. श्री. हेमचंद्र दिघे,
मुख्य प्रशासकीय अधिकारी,
रम्ल अँड झैतून ॲग्रो,
उम्म अल कुवैन.

अर्जदार : भानुदास य. समेळ, स्टोअर व फील्ड सुपरवायझर, कर्मचारी क्र. ११७.

विषय : ऑलिव्हच्या बागेतील पांढऱ्या मातीचा प्रयोग फसल्याचा ठपका श्रीमती शहरबानू यांच्यावरून काढून अर्जदारावर ठेवणेबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचाच दि. १३ ऑक्टोबर २०२५ चा इंग्रजी अहवाल.
२) आपले दि. ३ नोव्हेंबर २०२५ चे पत्र, ज्यान्वये श्रीमती शहरबानू यांचा करार ३० नोव्हेंबरनंतर न वाढविण्याचे ठरले.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यास शरम वाटते की, हा अर्ज मराठीत लिहिण्यामागे भाषाप्रेम वगैरे काही नाही. संदर्भ क्र. १ चा अहवाल इंग्रजीत होता आणि त्यात एक वाक्य होते, की खनिज मातीचा उपाय इथल्या हवामानात निष्प्रभ असल्याचे आढळून आले. इंग्रजीत ते वाक्य बिनबोभाट खपले. घरी तेच वाक्य अर्जदाराने मराठीत म्हणून दाखविले, तेव्हा पत्नी सौ. सविता हिने भाजी चिरता चिरता एवढेच विचारले, "कोणाला आढळलं?" अर्जदार बाल्कनीत गेला आणि वाळत घातलेले कपडे, ओले होते तरी, काढून आणले. आपण इथल्या मराठी मंडळाच्या स्नेहभोजनात म्हणाला होतात की मराठी माणसाने माझ्याशी मराठीत बोलायला लाजू नये. त्या आधारे पुढील मजकूर सादर आहे.

१. आपल्या फार्मवर ऑलिव्हची चारशे झाडे आहेत. फळमाशीची मादी कोवळ्या फळाला भोक पाडून आत अंडे घालते, अळी आतून गर खाते आणि तेलाचा सत्यानाश होतो. दरवर्षी त्यावर विषारी औषध मारले जाई. पीक-सल्लागार श्रीमती शहरबानू यांनी गेल्या वर्षी सुचविले की त्याऐवजी केओलिन ही नैसर्गिक पांढरी माती पाण्यात कालवून झाडांवर फवारावी. फळांवर पांढरा थर बसला की माशीला ते फळ वाटतच नाही, आणि बसलीच तर पायांना भुकटी चिकटून ती पाय पुसत बसते. मॅडम मूळच्या इराणमधल्या रूदबारच्या, ऑलिव्हच्या मुलखातल्या. हिंदी त्या शारजात शिकल्या. दोनशे झाडांवर माती मारायची आणि दोनशे तशीच ठेवून तुलना करायची, असे आपल्या मंजुरीने ठरले. फवारण्या दोन होत्या, जूनमध्ये एक आणि ऑगस्टमध्ये दुसरी. जूनची फवारणी उत्तम झाली. कामगार तिला "मेकअप" म्हणत.

२. केओलिनच्या दहा दहा किलोच्या गोण्या अर्जदाराने स्वतः भरल्या होत्या. त्यांवर इंग्रजीत नाव, नंबर आणि तारीख घालावी, असे मॅडमनी दोनदा सांगितले. अर्जदाराने मान डोलावली आणि मार्करने आपल्या सवयीप्रमाणे "गो. मा." असे लिहिले, म्हणजे गोरी माती. चिनी माती हे तिचे रूढ नाव, पण ते लिहिले असते तर स्टोअरमध्ये चिनी माल म्हणून सगळे हसले असते. संक्षेप करण्याची ही खोड अर्जदाराला वडिलांकडून आली. ते पेणच्या कचेरीत कारकून होते आणि घरी पिठाच्या डब्यांवरसुद्धा "ता. पी." आणि "बे. पी." असे लिहीत. स्टोअरमध्ये मराठी वाचू शकणारा अर्जदार एकटाच. त्यामुळे ही पद्धत सोयीची नव्हती, फक्त त्याच्या मिजाशीची होती.

३. ऑगस्टमध्ये मंडळाने ऊद मेथ्यातल्या सभागृहात मुलांसाठी शाडूचे गणपती करण्याचे शिबिर ठेवले. शाडूच्या बारा गोण्या एका ओळखीच्या व्यापाऱ्याच्या कंटेनरमधून आल्या आणि अर्जदाराने त्या आठ दिवस कंपनीच्या स्टोअरमध्ये ठेवल्या. परवानगी घेतली नव्हती. त्या गोण्यांवर त्याने लिहिले "ग. मा.", म्हणजे गणपतीची माती. दोन्ही गोण्या पांढऱ्या, दोन्ही दहा किलोच्या, दोन्ही बारा बारा. फरक एका काना-मात्रेचा, आणि गोण्या फरशीवरून ओढताना तोही बऱ्याच ठिकाणी पुसला गेला. शुक्रवार दि. १५ ऑगस्ट रोजी अर्जदाराने कंपनीचीच पिकअप घेऊन बारा गोण्या ऊद मेथ्यास पोचविल्या. त्या केओलिनच्या निघाल्या. सोमवारी झाडांवर फवारली गेली ती शाडू. ही अदलाबदल अर्जदाराच्या लक्षात ऑक्टोबरमध्ये, रिकाम्या गोण्या मोजताना आली.

४. परिच्छेद ३ मधील शेवटचे वाक्य खरे नाही. खाडाखोड केलेला अर्ज परत येतो, हे अर्जदाराने वडिलांकडून इतक्यांदा ऐकले आहे की ते वाक्य खोडण्याचे धैर्य झाले नाही. त्याखाली खरे लिहितो.

सोमवार दि. १८ ऑगस्ट रोजी पहाटे पाच वाजता टाकी भरली. दहा मिनिटांत नोझल तुंबले. पंपावरचा परेश नवसारीचा, मनुष्य शांत, पण तोही वैतागला. माती मलमलच्या कापडातून गाळून पाहिली, तरी गाळ खाली बसे आणि झाडावर पडलेला थर ऊन चढताच पोपडे होऊन गळे. मॅडम धावत आल्या आणि त्यांनी विचारले, "भानू भाई, ये वही मिट्टी है ना?" अर्जदाराने टाकीत कोपरापर्यंत हात घातला. महोदय, अर्जदार पेणचा. मामांच्या गणपतीच्या कारखान्यात वयाच्या सहाव्या वर्षापासून सोंडा वळण्यात त्याचे श्रावण गेले. ओली शाडू हाताला लागली की ती कोणती, हे त्याला डोळे मिटून सांगता येते. हाताला कळले. तोंडाने तो म्हणाला, "वही है मॅडम, इस बार थोडी मोटी आयी है." मॅडमनी विश्वास ठेवला, कारण चार वर्षांत त्याने त्यांना खोटे सांगितलेले नव्हते.

तुंबातुंबीत बराच माल वाया गेला आणि फाटकाजवळची शेवटची नऊ झाडे कोरडी राहिली. मॅडमच्या केबिनमध्ये नमुन्याची म्हणून ठेवलेली केओलिनची एक जादा गोणी होती. ती काढून त्यांनी स्वतः पाठीवरचा पंप लावला आणि नऊ झाडे एकटीने मारली. ऑगस्टचे ऊन. अर्जदार त्यांना पाण्याची बाटली देऊन आला. त्या थँक यू म्हणाल्या.

५. परिच्छेद ४ सुद्धा पुरता खरा नाही, म्हणजे त्यात जे लिहिले ते घडले, परंतु अर्जदाराला त्याआधी दोन दिवस माहीत होते.

शनिवार दि. १६ ऑगस्टच्या शिबिरात मुलांना गणपती करून दाखविण्याचे काम "पेणचे काका" म्हणून अर्जदाराकडेच होते. अठ्ठावन्न मुले चटयांवर बसली होती. अर्जदाराने गोळा मळायला घेतला. शाडू हाताला धरते. ही माती साबणासारखी बोटांतून निसटत होती, वळली की भेगाळत होती. त्याच क्षणी त्याला कळले की ही मॅडमची माती आहे, आणि तिकडे स्टोअरमध्ये उरली आहे ती शाडू. समोर मुलांच्या सोंडा एकामागून एक गळू लागल्या. एका पालकाने विचारले, काका, असे का होतेय? अर्जदाराने क्षणाचाही विलंब न लावता सांगितले की एसीमुळे. मग मंडळाने एसी बंद केला. बाहेर पंचेचाळीस अंश होते. अर्जदाराच्या एका थापेपायी अठ्ठावन्न मुले आणि त्यांचे आईबाप पाऊण तास घामाने निथळत बसले, आणि सोंडा पडायच्या त्या पडतच राहिल्या. शेवटी आयांनी आत टूथपिक खोचले. पुढे विसर्जन बादल्यांत झाले. मूर्ती पाण्यात पडताच विरघळल्या, म्हणून "पर्यावरणपूरक माती" मिळवून दिल्याबद्दल मंडळाने अर्जदाराचे जाहीर आभार मानले. त्याने ते हात जोडून स्वीकारले.

मधला रविवार संपूर्ण हाती होता. एक फोन केला असता तर फवारणी आठवडाभर पुढे गेली असती, एवढेच. अर्जदाराने मॅडमना मेसेज लिहायला घेतला. चार वेळा लिहिला, चार वेळा पुसला. शेवटी गुलाबाच्या चित्रावर "शुभ प्रभात" लिहिलेले होते ते पाठविले. दुपारचे तीन वाजले होते.

६. अर्जदार मूग गिळून का बसला, याचा खुलासा आपण मागालच. मे महिन्यात एका परिचिताच्या हापूसच्या पेट्या कंपनीच्या कोल्ड स्टोअरमध्ये ठेवल्याबद्दल अर्जदारास लेखी ताकीद मिळाली होती, आणि पुन्हा असे झाल्यास नोकरी जाईल असे तीत स्पष्ट होते. हे भय खरे आहे. परंतु अर्जदाराने गेले चार दिवस स्वतःला नीट विचारून पाहिले असता असे निदर्शनास आले (पुन्हा तेच, अर्जदाराला कळले असे वाचावे) की भय दुसऱ्या नंबरचे होते. पहिल्या नंबरची होती फुशारकी. मातीचे काहीही असो, लोक म्हणतात, भानूकाकांना विचारा. पेणच्या माणसाने शाडू ओळखली नाही, असे ऊद मेथ्यात कोणी म्हणू नये. एवढ्याशा गोष्टीसाठी एका बाईची वर्षाची मेहनत त्याने मातीत घातली.

७. ऑक्टोबरमध्ये फळे मोजली. शंभरांत डागी किती, असा हिशेब होता. न फवारलेल्या झाडांवर चौऱ्याहत्तर, फवारलेल्यांवर एकाहत्तर. म्हणजे प्रयोग पडला. आपण अर्जदाराकडून स्वतंत्र मत मागविले, कारण तो मातीच्या बाजूचाही नाही आणि औषधाच्या बाजूचाही नाही असा आपला समज होता. त्याने ते मत दिले. त्यावर निःपक्षपाती निरीक्षणाबद्दल आपण त्याला तिमाहीचा उत्कृष्ट कर्मचारी ठरविले. त्याचा फोटो ऑफिसातल्या वॉटर कूलरच्या वर लावण्यात आला. तेव्हापासून अर्जदार पाणी घरून आणतो. परेशने विचारले तर डॉक्टरांनी सांगितले आहे म्हणतो. असे हे वाढत गेले आहे.

८. मॅडमनी आपल्या अहवालात दोष ना मातीला दिला ना कामगारांना. त्यांनी लिहिले की डोस ठरविण्यात माझी चूक झाली असावी, जबाबदारी माझी आहे. अर्जदाराने ते वाचले. मात्रा चुकली, हे बरोबर आहे. परंतु ती औषधाची नव्हे, "गो" वरची होती, आणि ती घालणारा अर्जदार होता.

फाटकाजवळच्या नऊ झाडांचीही त्यांनी मोजणी केली होती. तिथे शंभरांत सहा फळे डागी निघाली. सहाच. हे आकडे त्यांनी आपल्याला दाखविलेसुद्धा नाहीत. नऊ झाडांवरून काही सिद्ध होत नाही, असे वहीत (ती आता स्टोअरमध्ये जमा आहे) समासात लिहून त्यांनी ती ओळ बाजूला ठेवली. ज्या बाईने स्वतःच्या फायद्याची ओळ प्रामाणिकपणे वगळली, तिच्याविरुद्ध अर्जदाराने एक अप्रामाणिक ओळ लिहिली आणि बक्षीस घेतले.

९. गुरुवार दि. २० रोजी मॅडम किल्ल्या आणि वह्या जमा करायला स्टोअरमध्ये आल्या. त्यांची मुलगी झारा सहावीत आहे, तिची शाळा वर्षाच्या मध्येच सुटणार, याविषयी त्या दोन वाक्ये बोलल्या. मग त्या नऊ झाडांच्या फळांचे घरी घातलेले लोणचे त्यांनी बरणीत भरून आणले होते, ते सविता भाभींसाठी म्हणून काउंटरवर ठेवले. आणि विचारले, "भानू भाई, आप तो मिट्टी वाले हो. सच बताओ, मुझसे कहाँ गलती हुई?"

त्यांना वाद घालायचा नव्हता. पुढच्या ठिकाणी तीच चूक होऊ नये म्हणून त्या विचारत होत्या. अर्जदार गोण्यांच्या थप्पीकडे बघत म्हणाला, "इन्शाल्ला सब ठीक होगा, मॅडम." चूक स्वतःची, आणि ती निस्तरायला नेमले देवाला. त्या गेल्यावर त्याने बरणी पिशवीत घातली. घरी ती ओट्यावर आहे. कोणी उघडलेली नाही.

१०. सबब अर्जदाराची विनंती अशी की, संदर्भ क्र. १ चा अहवाल रद्द समजण्यात यावा. संदर्भ क्र. २ चे पत्र ३० तारखेच्या आत मागे घ्यावे व श्रीमती शहरबानू यांचा करार पूर्ववत चालू ठेवावा. पुढील हंगामात तोच प्रयोग त्यांच्याच हातून, खऱ्या केओलिनने, गोण्यांवर त्या सांगतील त्या भाषेत लिहून, पुन्हा करण्यात यावा. अर्जदारावर जी कारवाई करायची ती करावी. तिच्यात सूट मिळावी अशी विनंती या अर्जात नाही. या अर्जाची एक प्रत हिंदीत करून आजच मॅडमना दिली आहे. त्यांनी ती उभ्याने वाचली, घडी घालून पर्समध्ये ठेवली आणि निघून गेल्या.

११. आता पुराव्याबाबत. अर्जदाराच्या नुसत्या शब्दावर आपण विश्वास ठेवावा, अशी परिस्थिती त्याने राहू दिलेली नाही. वरिष्ठ म्हणतील, बाईला वाचवायला हा कथा रचतो आहे. शिबिरातले सत्तावन्न गणपती विरघळले. अठ्ठावन्नावा शिल्लक आहे. तो अर्जदाराची मुलगी शुभ्रा हिचा. वय वर्षे नऊ. सोंड नाही म्हणून तिने तो विसर्जनाला दिला नाही. "ही इज नॉट फिनिश्ड," असे म्हणून अभ्यासाच्या टेबलावर ठेवला. प्रयोगशाळेत त्याचा कण तपासल्यास ती माती शाडू नसून कंपनीचे केओलिन आहे, हे सिद्ध होईल.

तो गणपती घ्यायला अर्जदार शनिवारी मुलीच्या खोलीत गेला, तेव्हा साहजिकच तिने विचारले की कशाला नेतोस. काहीतरी सांगून वेळ मारून नेता आली असती. त्यात अर्जदाराचा हात आता चांगला बसला आहे. पण तो टेबलाजवळच्या छोट्या खुर्चीवर बसला आणि त्याने तिला सगळे सांगितले, गोण्या, टाकी, मॅडम, फोटो. तिने ऐकून घेतले.

इथे एक गोष्ट राहिली आहे. परिच्छेद ५ मध्ये ती लिहिली नाही, लिहिण्याचा इरादाही नव्हता. शिबिरात सोंडा गळू लागल्या तेव्हा शुभ्राची सोंड तीनदा तुटली आणि ती रडू लागली. तेव्हा एसीची सबब सगळ्यांना सांगून झाली होती आणि एसी बंद होता. म्हणून अर्जदाराने तिला सांगितले, "तू फार जोरात दाबतेस, बाळा." तेव्हापासून तिने मातीला हात लावलेला नाही. शाळेतल्या क्ले क्लासमधले नाव तिने आपणहून काढून घेतले. हे का, ते घरात कोणाला कळले नव्हते. अर्जदाराने अंदाज करायचे टाळले होते.

शनिवारी तिने फक्त एक प्रश्न विचारला. "बाबा, आय वॉज क्राइंग. यू न्यू?"

याचे उत्तर अर्जदाराला देता येईना. 'अर्जदार' हा शब्द अर्जभर सोयीचा होता. त्याने चूक केली, त्याने लपविले, त्याला फळ मिळाले, असे दुसऱ्या कोणाविषयी लिहावे तसे लिहिता आले. मुलीसमोर तो उपयोगी पडला नाही. तिला जे सांगितले, तेच आपणासही लेखी कळवितो.

होय. मला माहीत होते. शुभ्राचा हात बरोबर होता. शहरबानूंचा डोस बरोबर होता. माझी माती चुकली आणि ती मी दोघींच्या माथी मारली.

'विश्वासू' हा शब्द तूर्त राखून,
आपला नम्र,

(सही)
भानुदास यशवंत समेळ

सोबत :
१) नऊ झाडांच्या मोजणीचे पान, मॅडमच्या वहीतून, त्यांच्या परवानगीने मागाहून सादर होईल. आज ती परवानगी मागण्याचे तोंड नव्हते.
२) रिकाम्या गोण्या, दोन. एक "ग. मा.", एक "गो. मा." (दुसरीवरची काना-मात्रा उजेडात धरल्यास दिसते.)
३) तिमाहीचा उत्कृष्ट कर्मचारी हे प्रशस्तिपत्र, परत. फोटो अर्जदाराने स्वतः काढून घेतला आहे, भिंतीवर खिळा तसाच आहे.
४) गणपती, एक, बिनसोंडेचा, बुटांच्या खोक्यात, कापसात. तपासणीसाठी तळाचा कण घ्यावा व मूर्ती परत मिळावी, मालकीण वाट पाहत आहे. खोक्यावर "गो. मा." असे तिने स्वतः लिहिले आहे. मात्रा दोनदा गिरवली आहे.